वेशीपाशी थांबणारी दवंडी

मी हे लिहावं की नाही, अजून कळत नाही. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायला मी कचरतो. शब्द वाकडेतिकडे पडतील, कुणाला हे रडगाणं वाटेल. त्याबद्दल आधीच माफी मागतो. एवढी एकच. यापुढं माफी मागणार नाही, का ते पुढं येईल.

दुष्काळाचा उन्हाळा होता. सकाळीच ऊन चटके देत होतं. बाप पुढं, गळ्यात डफडं. मागं मी, अनवाणी. माझ्या चपला माझ्याच हातात. पाटलांचा तसा हुकूम होता. सोबत पाटलांचा सालगडी, आम्ही एखादी गल्ली गाळतो का ते बघायला. दर वळणावर बाप थांबायचा, डफडं वाजवायचा आणि ओरडायचा,

"ऐका हो ऐका! किसन्याच्या पोरानं सभेत तोंड घातलं हो! पोरगं चुकलं, बाप चुकला! गावानं पोटात घालावं हो!"

किसन्या म्हणजे तोच. स्वतःचं नाव तो गाव घेतं तसं घेत होता.

एका दारातून आवाज आला, "ए किसन्या, अजून एकदा म्हण की. आमची म्हातारी बहिरी हाय."

बापानं पुन्हा म्हटलं. म्हातारी ओट्यावरच बसली होती. तिला चांगलं ऐकू येत होतं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"कालेजात हेच शिकिवतात व्हय रं? चपला हातात घेऊन चालाया?"

"अरं, न्हाई. बापाला शिकिवलंय त्यानं. बाप आता चांगलं भाषण करतो."

मी खाली बघून चालत होतो. बापाच्या टाचांच्या भेगा दिसत होत्या. त्यात धूळ भरली होती.

हे कशामुळं झालं, ते सांगतो.

आमचं गाव आष्टीच्या बाजारापासून दोन कोसांवर. गावाला वेस आहे. वेशीच्या बाहेर आमची वस्ती. छप्पन्न सालानंतर आमच्या लोकांनी देव सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. दवंडी मात्र राहिली. सरपंच झालेले पाटील म्हणाले, हे काही जुनं गावकाम नाही, हे सरकारी काम. बापाला ते खरं वाटलं. दवंडीच्या आधी तो चुलीपाशी बसून डफडं शेकायचा. कातडं ताणलं की बोटानं टिचकी मारून बघायचा. तेव्हा त्याच्या तोंडावर थोडा अभिमान दिसायचा.

त्या सालात विहिरी आटल्या. आमच्या बाया गावातल्या विहिरीपाशी घागरी मांडून बसायच्या. कुणी वरून पाणी वाढलं तर वाढलं. सरकारनं गावाला एक नवी सार्वजनिक विहीर दिली. ती कुठं खांदायची ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. तालुक्याहून साहेब येणार होते. मी सुटीत घरी आलो होतो. बापानं सगळ्या गावात दवंडी दिली, "समद्यांनी मारुतीच्या पारावर यावं हो!" वेशीपाशी आला. डफडं काखेत मारलं आणि मुका घरी आला.

मी विचारलं, "बा, आपल्याकडं का न्हाई दिली?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आपल्याकडं? दवंडी गावाला असती."

त्याचा बाप वेशीपाशी थांबायचा, आज्जा थांबायचा. कुणी थांबवलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. सगळ्या गावाला बोलावणाऱ्या माणसाला स्वतःला बोलावणं कधी आलं नव्हतं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा माणूस असतो. मी ते बापाला सांगितलं. "आपुन बी?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, आपण बी.

सभेला आमच्यातले चार-पाच जण आले. पाराखाली उभे राहिले. पाटील म्हणाले, विहीर वेशीच्या आत, मारुतीच्या मागं. कुणाची हरकत?

मी हात वर केला. बोललो. "साहेब, विहीर वेशीबाहेर घ्या. आमच्या वस्तीजवळ. तिथं गावालाही पाणी भरता येईल. आत घेतली तर आम्हाला भरता येणार नाही."

 साहेबांनी विचारलं, "तुम्हाला सभेची सूचना होती का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही साहेब. आमच्या वस्तीत दवंडी देत नाहीत."

पाटील मांडीवर थाप मारून हसले. "आन दवंडी देतो कोण, सायब? ह्याचाच बाप! ए किसन्या, तुझ्या वस्तीत जायाला तुला मी अडीवलं व्हतं का? सांग सायबाला."

बाप हात जोडून उभा होता. "न्हाई मालक."

"मंग चूक कोणाची?"

"माझी, मालक."

सगळा पार हसला. साहेबही हसले. म्हणाले, गावाच्या बाजूनं तर सगळं बराबर झालंय. पुढच्या सभेत ठराव पक्का करू. आणि पाटलांच्या घरी जेवायला गेले.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वेशीवर थांबायला लावलं, त्यांनी थांबल्याचा गुन्हा बापाच्याच माथी मारला. त्या हसण्याचा आवाज मला अजून अभ्यास करू देत नाही.

माय दुष्काळी कामावर खडी फोडायची. मुकादम पाटलांचा भाचा. गावभर माफी मागितली नाही तर तिचं काम जाईल, असा पाटलांचा निरोप रात्रीच आला. त्यामुळं सकाळी ही माफीची दवंडी द्यायला बाप निघाला, मीही निघालो. वेशीपाशी पोचलो. बापानं सवयीनं डफडं काखेत मारलं. सालगडी म्हणाला, "झालं. जा आता."

मी म्हणालो, "न्हाई झालं."

चपला खाली टाकल्या. पायात घातल्या. बापाच्या काखेतून डफडं ओढलं आणि वस्तीत शिरलो. मला वाजवता येत नव्हतं. नुसतं बडवलं. ओरडलो, "ऐका हो! सभा झाली, आपल्याला बोलावलं न्हाई! विहीर वेशीच्या आत घ्यायला निघालेत! ठराव पुढल्या सभेत हाय! ती सभा आपली बी हाय! समद्यांनी यायचं!"

बाया दारात आल्या. बाप आमच्या उंबऱ्यावर बसला. त्यानं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. "ह्या हातानं हिकडं कवा वाजवलंच न्हाई," म्हणाला. मला नाही, स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी मायला कामावरून हाकललं. मायनंच मला जालन्याला, कॉलेजच्या वसतिगृहावर पिटाळलं. "तू जा. हितं राह्यलास तर जिता ठिवायचे न्हाईत." मी गेलो. पुस्तक उघडून बसायचो. ओळी दिसायच्या, अर्थ लागायचा नाही.

काल चुलतभाऊ भीमा आला. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही.

"दादा, सभा व्हती. तुझ्या बानं गावात दवंडी दिली. मंग वेशीवर थांबलाच न्हाई. वस्तीत येऊन दिली."

"मग?"

"समदी गेली. बाया बी. पाराखाली जागा पुरली न्हाई. सायब घाबरला. सभा सोमवारवर ढकलली."

मला हसू फुटलं. भीमा हसत नव्हता.

"सांजच्याला पाटलाच्या माणसांनी बाला वेशीत धरलं. उजवा हात दगडावर ठिवला. वरून दुसरा दगड. म्हणले, लई वाजवतो हा हात." त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. "पाची बोटं गेली, दादा. आता पाटील म्हणतो, सोमवारची दवंडी वस्तीत कोण देतो ते बघतोच."

मी विचारलं, बा काय म्हणाला.

"काय न्हाई. मायला म्हणला, डफडं शेकून ठिव."

मी उद्याच्या गाडीनं निघतोय. दवंडी मी देणार. आधी वस्तीत, मग वेशीतून आत, पारापर्यंत. चपला पायात असतील.