अपडेट येईपर्यंत मधला माणूस

या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा आणि तोही तोंडाने नाही. कारखान्याच्या दारात मी दिसलो की तो दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवायचा आणि भुवया वर करायचा. आमच्याकडे ही खूण नवा बीम चढवण्याची आहे. सुरतेत यंत्रमागाला संचा म्हणतात. संच्यावरचा सुताचा जड रूळ, म्हणजे बीम, संपत आला की कारागीर लांबूनच मला, म्हणजे खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरला, अशा मुठी फिरवून दाखवतो, कारण चोवीस संच्यांच्या खडखडाटात हाक मारून काही उपयोग नसतो. भावाने ती खूण फोनसाठी उचलली होती. फोनचं नवं अपडेट आलं का, असं त्याला विचारायचं असे. मी नकारार्थी मान हलवायचो. तो खांदे उडवून आपल्या संच्यांकडे वळायचा.

भावाला ऐकू येत नाही. एकोणिसाव्या वर्षी मीच त्याला शिंदखेड्याकडून इथे आणलं. पहिल्या आठवड्यात तो कानांत कापूस घालून यायचा तेव्हा मीच म्हणालो होतो, काढ तो, कानाला सवय होते. सवय झाली. आता वीसेक वर्षांनी त्याच्या कानांत काही उरलेलं नाही. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते माणसाचं बोलणं आणि संच्याचा आवाज सारखाच मोठा करतं. ते डबीत पडून आहे. तो ओठ वाचतो. आमच्या खात्यात सगळेच थोडेफार वाचतात, पण त्याच्याइतकं कोणी नाही. समोर तोंड असेल तर त्याच्यापासून काही लपत नाही. लपवायचं असेल तर पाठ फिरवावी लागते.

आमचे दोघांचे फोन सारखेच, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले. त्याच्या कव्हरवर मोर आहे, माझं काळं. येणाऱ्या अपडेटमध्ये एक नवी सोय होती: फोनवर समोरचा माणूस हिंदीत जे बोलेल ते त्याच वेळी पडद्यावर हिंदी अक्षरांत उमटणार होतं. भाऊ सातवीपर्यंत शिकलेला आहे, हिंदी वाचतो. त्याची मुलगी सुरतेतच वाढली, हिंदी बोलते; ती माघात लग्न होऊन दोंडाईच्याच्या पुढे एका गावात गेली आहे. तिथे व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकतं, ओठ अर्धेच दिसतात. मेसेजवर दोघांचं ‘जेवण झालं का’, ‘हो झालं’ यापुढे जात नाही. म्हणून ती माझ्या फोनवर बोलायची आणि मी तिचं बोलणं भावाला ओठांनी सांगायचो. ती पाच मिनिटं बोलली तर माझ्याकडून अर्धं मिनिट त्याच्यापर्यंत पोहोचायचं.

अपडेटची बातमी मीच आणली आणि तिचं वेडही मलाच सर्वांत जास्त लागलं. दिवसातून दहा वेळा मी ‘तपासा’ हे बटण दाबायचो. जागा कमी पडू नये म्हणून फोनमधले सगळे व्हिडिओ काढून टाकले, फक्त पुतणीच्या लग्नाचे ठेवले. रोज सकाळी फोन पूर्ण चार्ज करून निघायचो. बायको म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही एवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या." ते खरं होतं.

चहाच्या टपरीवर तर रोजचा विषय झाला होता.

"मास्तर, तुमचं अपडेट म्हणजे घरकुलाची यादी आहे," एक कारागीर म्हणायचा. "नाव असतं, घर नसतं."

"माझ्या साडूला आलं म्हणे. फोनच बंद पडला त्याचा," दुसरा.

"साडूचा फोन तुझ्या मेव्हणीने आपटला. अपडेटला कशाला बोल लावतो?"

भाऊ मधोमध बसून एकेकाचे ओठ टिपायचा आणि हसायला सगळ्यांच्या मागून अर्ध्या क्षणाने सुरुवात करायचा. मग मोठ्या आवाजात, कारण आपला आवाज किती आहे हे त्याला कळत नाही, म्हणायचा, "येऊ द्या. मग मी तुमच्या सगळ्यांच्या बायकांशी फोनवर बोलेन. तुमची बिंगं बाहेर काढतो."

नवागामच्या नाक्यावर मोबाईलचं दुकान आहे. तिथल्या सुरती भाईकडे मी दर दोन दिवसांनी जायचो. अपडेट सगळ्यांना एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतं, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी दुकानात पाय टाकताच तो मान वर न करता म्हणायचा, "वारो आवहे, काका." पाळी येईल. मला त्या दोन शब्दांचीही चटक लागली होती.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. या सगळ्या धावपळीखाली एक गोष्ट होती आणि ती फक्त मला माहीत होती.

आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. अक्षय्यतृतीयेचा सण, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तर कोणीतरी माहेराहून तिला आणायला जावंच लागतं. आपली आपण निघून यायची रीत नाही. ती दारात वाट बघत बसते. या वर्षी पुतणीची पहिली आखाजी. सणाच्या पाच दिवस आधी तिने मला फोन केला. म्हणाली, "मोठे बाबा, अप्पांना सांगा, मला न्यायला त्यांनीच यायचं. दुसऱ्या कोणाला पाठवू नका. मी पिशवी भरून ठेवली आहे."

मी कारखान्याच्या अंगणात होतो. भाऊ दहा पावलांवर विडी ओढत होता. मी त्याच्याकडे पाठ केली होती.

लग्नसराई होती. निम्मे कारागीर गावी गेले होते. मी शेठला शब्द दिला होता की एकही संचा बंद राहणार नाही. भाऊ एकटा आठ संचे सांभाळत होता. तो चार दिवस गेला असता तर आठ संचे बंद उभे राहिले असते आणि माझा शब्द पडला असता. एवढंच कारण. त्यात कोणाचा जीव जाणार नव्हता. मी पुतणीला म्हणालो, "अप्पांना सुट्टी नाही गं. या वर्षी जमायचं नाही." ती म्हणाली, "अप्पा असं म्हणाले?" मी हो म्हणालो.

मग मी भावाकडे वळलो आणि सांगितलं की तिची सासू आजारी आहे, ती या आखाजीला येत नाही. हे सांगताना मी ओठ नीट, सावकाश हलवले. एकही शब्द त्याच्याकडून सुटू नये याची काळजी घेतली. इतकं स्वच्छ मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

आखाजीला सगळे संचे चालले. शेठने पाठ थोपटली.

त्यानंतर पुतणीचा फोन आला की ती एकच वाक्य बोलायची: "अप्पांना सांगा, मी बरी आहे." भाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा. आणखी काय म्हणाली? मी सांगायचो, बरी आहे. एकदा तो म्हणाला, "सासरी तिला बोलू देत नसतील." त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी मी काही सांगितलंही नाही.

म्हणून मला अपडेट हवं होतं. ते आलं की दोघं थेट बोलतील आणि मी मधून निघून जाईन. त्याच बोलण्यात माझं खोटं उघडं पडेल, हेही मला दिसत होतं. तरी बटण दाबताना छातीत जे धडधडायचं ते भीतीचं कमी आणि आनंदाचं जास्त होतं. लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी वाटायचं तसं.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास मी कोथिंबीर निवडत असताना फोन वाजला. अपडेट उपलब्ध आहे. मी दोनदा वाचलं. मग, लपवत नाही, फोन पालथा घातला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. त्यानंतर मात्र उठलो तो चपला घालायचंही सुचलं नाही. भावाची खोली दोन गल्ल्या पलीकडे. तो दारात आरसा टेकवून दाढी करत होता. मी लांबूनच मुठी फिरवल्या. त्याने वस्तरा हवेत धरला.

"उनं?" आलं का? त्याचा आवाज गल्लीभर गेला.

मी मान डोलावली. एका गालाला साबण तसाच ठेवून तो निघाला.

माझ्या डेटावर एवढं मोठं अपडेट उतरलं नसतं, म्हणून आम्ही दुकानात गेलो. सुरती भाईने भावाच्या गालाकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि वायफायचा पासवर्ड टाकून दिला. दोन स्टुलांवर आम्ही बसलो, मधे फोन. आकडा सरकत होता. अकरा. अकराच. बारा. भाऊ प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा. एकतीसवर वीज गेली. वायफाय गेलं.

"हात लावू नका," दुकानदार हिंदीत म्हणाला. "कुठे जात नाही ते."

"पुन्हा पहिल्यापासून?" मी विचारलं.

"काका, तुमचा बीम मधेच थांबला तर पुन्हा पहिल्यापासून विणता का?"

भावाला हे ओठांवरून कळलं आणि तो इतका हसला की वाळत आलेला साबण गळ्यावर आला. वीज आली. एकतीस. बत्तीस. दुकानदाराने तीन चहा मागवले. शंभर झाल्यावर फोन काळा पडला, कंपनीचं चिन्ह आलं आणि ते तसंच राहिलं. त्या काही मिनिटांत भावाने माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याला ते कळलंही नसावं.

फोन सुरू झाला. दुकानदाराने सोय शोधून चालू केली, काउंटरमागे खाली बसला आणि आपल्या फोनवरून माझ्या फोनवर बोलला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उमटली: ‘काका पहले दाढ़ी पूरी करो.’

भावाने ते वाचलं. गालाला हात लावला. मग काउंटरवरून वाकून खाली बसलेल्या माणसाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"आता तू," तो मला म्हणाला. "बाहेर जा. पाठ फिरव. मला तोंड दिसायला नको, मगच खरं."

मी त्याचा मोराचा फोन घेतला, रस्ता ओलांडून रिक्षा उभ्या असतात तिथे गेलो आणि दुकानाकडे पाठ केली. घंटी वाजली, त्याने उचलला. मी हिंदीत विचारलं, दिसतंय का? त्याचा आवाज फोनमधून आणि रस्त्यापलीकडून असा दोनदा आला: "दिसतंय. बोल. काहीतरी मोठं बोल."

माझ्या मनात त्याची थट्टा करायची होती. पण पाठ फिरवलेली होती, आणि मी जे बोलणार ते त्याला कळणार होतं. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, "आखाजी के लिए उसने तुझे बुलाया था. पिशवी भरके बैठी थी. मैंने तुझे बताया नहीं. सास बीमार नहीं थी. उसको मैंने बोला, अप्पा को छुट्टी नहीं. उसको लगता है तूने ना बोला." आमच्या घरात हिंदीत कोणी कोणाची माफी मागितलेली नाही. मला शब्दही नीट आठवेना. "संचे चालू रखने थे," मी म्हणालो आणि थांबलो.

मी वळलो. तो अजून पडद्याकडे बघत होता. बोटाने अक्षरं वर सरकवून पुन्हा वाचत होता. मग त्याने मान वर केली आणि हाताचा पंजा माझ्याकडे धरला. आमच्यात ती संचा थांबवण्याची खूण आहे. मी रस्त्यापलीकडेच थांबलो.

त्याने माझ्या फोनवरून मुलीला फोन लावला. मला तेवढं दिसलं की त्याने फोन दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला आणि मग माझ्याकडे पाठ केली. तो बोलत होता, पण पहिल्यांदाच हळू. एकही शब्द माझ्यापर्यंत आला नाही. ती काय म्हणाली हे मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही. रिक्षावाल्याने विचारलं, बसायचं आहे का? मी नाही म्हणालो.

बऱ्याच वेळाने तो रस्ता ओलांडून आला. साबण पूर्ण वाळून गालावर पांढरा झाला होता. माझा फोन त्याने खिशात घातला.

"हा मी नेतो," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीने जातो तिला आणायला. चार दिवस. माझे संचे तू चालव."

"श्रावणात?" माझ्या तोंडून गेलं.

"आखाजी राहिली आहे तिची," तो म्हणाला आणि दाढी पूर्ण करायला गेला.

मास्तर झाल्यापासून मी संच्यावर उभा राहिलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आठ संच्यांमध्ये पळताना पोटऱ्या भरून आल्या. कारागीर लांबून खुणा करून मला चिडवत होते: म्हाताऱ्या, बस खाली. दुपारी खिशातला मोराचा फोन थरथरला. बाहेर काढून पाहिलं. अपडेट उपलब्ध आहे.

माझ्या मुठी आपोआप एकमेकींभोवती फिरल्या. समोर कोणी नव्हतं. मी बटण दाबलं नाही. ते भावाने दाबायचं होतं आणि शेजारी स्टुलावर या वेळी पुतणी बसणार होती. फोन खिशात ठेवला, वर रुमाल कोंबला आणि तिसऱ्या संच्याचा धागा तुटला होता तो जोडायला गेलो.