माहेर विचारा

आमच्या जिनात बायांना नावं नव्हती. पाळण्यात ठेवलेलं नाव घरी असेल, पण मुकादम हजेरी घ्यायचा ती माहेरच्या गावानं. दर्यापूरवाली आली का? आली. वलगाववाली? आली. ती वलगाववाली म्हणजे मी. लग्न होऊन अकोल्यात पाय टाकला त्या दिवसापासून माझं तेच नाव. माझी सासू तिवसेवाली. तिचे केस पिकले, दात पडले, तरी तिवसेवालीच. वऱ्हाडात हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणून तर आम्ही सगळ्या एकदमच तोंडघशी पडलो.

जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबच लांब टिनाचं छप्पर, त्याखाली रेच्यांची रांग, एकेका रेच्यावर एकेक बाई. आपण हातानं कापूस घालत राहायचं, यंत्र रुई एकीकडे फेकणार अन् सरकी एकीकडे. धूळ अशी की घरी जाताना एकमेकींच्या पापण्या पदरानं पुसायच्या. सगळ्यात चांगला दारातला पहिला रेचा, कारण तिथं वारा यायचा. तो सासूचा. खोकल्यानं ती अर्धी झाली होती. आत कोंडल्या जागी उभी केली असती तर एक हंगाम निघाला नसता तिचा. सासरे गेलेले, माझ्या नवऱ्याला काम असलं तर असलं, त्यामुळे घर आम्हा दोघींच्या रोजीवर चालायचं. त्या दारातल्या जागेवर तिचा जीव तगून होता, हे मला रोज दिसत होतं.

दिवाळी झाली की रायपूरकडच्या बाया गाडी भरभरून यायच्या. कमी रोजीत काम करायच्या, दोन्ही पाळ्या ओढायच्या, जिनामागच्या टिनाच्या खोल्यांत राहायच्या. आम्ही जरा तोंड उघडलं, की शेटजी म्हणणार, जमत नसेल तर जा बाई, माझ्याकडे रायपूरवाल्या आहेत. आता खरं पाहिलं तर राग शेटजीचा यायला पाहिजे होता. पण शेटजी पडला मोठा माणूस. राग निघायचा त्या बायांवर. काल-परवापर्यंत त्यांचं अन् आमचं राज्य एकच होतं, राजधानी नागपूर. मग राज्यांच्या हद्दी बदलल्या अन् त्या एकदम परप्रांतातल्या झाल्या. आम्हाला बोलायला शब्दच सापडला की!

त्यांच्यातली एक माझ्या बाजूच्या रेच्यावर असायची. बाकीच्या हंगाम संपला की परत जायच्या, ही बारा महिने त्या टिनाच्या खोलीत. वऱ्हाडी माझ्यापेक्षा फाकडी बोलायची. पण नाव रायपूरवाली, म्हणजे झालं. तिच्याशी पाण्याच्या माठापुरतं बोलायचं, एवढंच.

महाराष्ट्र झाल्यावरची पहिली निवडणूक आली. एक वकीलसाहेब उभे होते. एक दिवस ते आमच्या वस्तीत आले, सरळ आमच्या दारात बसले अन् चहा मागितला. तुम्हाला आज यात काही वाटणार नाही. आम्ही धम्माची दीक्षा घेऊन पाचसहा वर्षं झाली होती, पण वस्तीबाहेरच्या मोठ्या माणसानं आमच्या घरचा चहा पिणं, अन् तोही घोट घोट चवीनं, हे सासूनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. नंतर तिनं ती कपबशी धुऊन फळीवर वेगळी ठेवली. त्या कपबशीला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

मग त्यांची सभा झाली, जिनाच्या फाटकासमोरच, पाळी सुटायच्या वेळी. साहेब म्हणाले, गावातल्या जिनात गावच्याच बायांना काम मिळालं पाहिजे, निवडून आलो की पहिलं हेच करतो. काय टाळ्या पडल्या! मीही हात लाल होईस्तोवर वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, पण बाहेरची कोण अन् इथली कोण हे ओळखायचं कसं, उद्या कुणीही म्हणेल मी इथलीच. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा सासू पदर खोचून उभी राहिली.

"त्यात काय एवढं सायेब? माहेर इचारा. बाईचं गाव म्हंजे तिचं माहेर."

साहेब खूश झाले. म्हणाले, पाहा, शिकलेल्यांना सुचलं नाही ते मावशीनं सांगितलं. सासू घरी आली ती पाय जमिनीला न लागताच. मत द्यायला ती नवं लुगडं नेसून गेली. साहेब निवडून आले, गुलाल उधळला गेला, अन् हंगाम संपला.

दिवाळी झाली अन् जीन सुरू व्हायचा दिवस आला. फाटकाशी शेटजीचे दिवाणजी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, साहेबांचा शब्द शेटजींनी मान्य केला, यंदापासून गावच्या बायांना पहिला मान. आमच्यात हसणं-खिदळणं सुरू झालं. रायपूरकडच्या बाया गाठोडी पायाशी ठेवून उभ्या. दिवाणजींनी सासूलाच पहिली बोलावली.

"माहेर?"

"तिवसा," सासू ठसक्यात म्हणाली.

दिवाणजींनी डावीकडे बोट दाखवलं. सासूला वाटलं, ही जुन्या बायांची बाजू. ती ऐटीत जाऊन उभी राहिली. मग मी. वलगाव. डावीकडे. मग दर्यापूरवाली, बाळापूरवाली, मूर्तिजापूरवाली. सगळ्या डावीकडे. रायपूरकडच्या बायाही डावीकडेच येऊ लागल्या, तेव्हा मी उजवीकडे पाहिलं. उजवी बाजू पूर्ण रिकामी होती. तिथं एक कुत्रं झोपलेलं होतं, दुसरं कुणी नाही.

अन् मग माझ्या शेजारची ती रायपूरवाली पुढे आली. दिवाणजींनी विचारलं, माहेर? तिनं मान वळवून जिनामागे बोट केलं.

"हेच. त्या टिनाच्या खोलीत झाली मी. रायपूर तं मी पाह्यलंच नाही."

तिचे मायबाप दुष्काळात इथं आलेले, ती इथं जन्मली, नवराही तिथून आला तो इथंच राहिला. दिवाणजींनी तिला उजवीकडे पाठवलं. एकटीच उभी राहिली ती तिथं, घाबरून.

माय वो! आम्ही सगळ्या या गावच्या सुना. गावच्या लेकी कुठं असतात? सासरी. गावची लेक गावात राहते का कुठं? हे आम्हाला कळत नव्हतं का? रोज हजेरीला आमचंच नाव ऐकत होतो. पण आमच्या लेखी बाहेरचं म्हणजे रायपूर. तिवसा, वलगाव हे कधी बाहेरचं होतं? सासू खुर्चीसमोर गेली, म्हणाली, मी या जिनात म्हातारी झाली. दिवाणजी हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, शेटजी कुणाच्या पोटावर पाय देत नाहीत, सगळ्यांना काम आहे, पण बाहेरच्यांना रोजी बाहेरची, जी रायपूरवाल्यांना मिळते ती. अन् दारातला पहिला रेचा गावच्या बाईचा. नियम तुमचाच आहे, बाई.

आम्ही काम नाकारू शकलो असतो. पण चुलीत काय घातलं असतं? भोंगा झाला अन् सगळ्या आत गेलो. रायपूरवाली पहिल्या रेच्यापाशी जाऊन थांबली, कापसाला हात लावेना. सासूला म्हणाली, मावशी, तुमीच उभ्या राहा इथं, मी आत जातो. मुकादम खेकसला तिच्यावर. सासू भिंतीकडच्या शेवटच्या रेच्यावर, जिथं वारा नावाला नव्हता, तिथं जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी घरी येताना ती रस्त्यातच बसली. खोकला थांबेना. मी पाठ चोळत होते. जरा श्वास आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिवस्यात गेली का म्हणतात, अकोलेवाली आली. इथं म्हणतात, तिवसेवाली. मले सांग पोरी, मी कुठची?" मी तिला हाताला धरून उठवलं.

त्या जागेवर ती पुढचे हंगाम कशी जगली, तिलाच माहीत. रायपूरवाली दुपारच्या सुट्टीत तिला ओढून दाराशी बसवायची, पदरानं वारा घालायची. अन् पुढची निवडणूक आली तेव्हा सासूच्या बरगड्या मोजता येत होत्या.

साहेब पुन्हा आले. तसेच दारात बसले, तसाच चहा मागितला. मला राग आवरेना, पण सासूनं मला चहा ठेवायला सांगितला, अन् फळीवरची तीच कपबशी काढली. साहेबांनी दोन घोट घेतले. म्हणाले, मावशी, तुमचं मत आपल्यालाच ना? सासू भिंतीला टेकून बसली होती. आवाज चढवायची तिची ताकद राहिली नव्हती.

"एक इचारतो सायेब. रोजीले मी तिवस्याची, अन् मताले अकोल्याची?"

साहेब हसायला गेले अन् मध्येच थांबले. सोबतच्या माणसांकडे पाहिलं त्यांनी. एक जण म्हणाला, चला साहेब, पुढच्या वस्तीत लोक वाट पाहून राहिले. साहेबांनी कपबशी खाली ठेवली, चपला घातल्या अन् गेले.

अर्धा चहा तसाच होता. सासूनं तो नालीत ओतला, कपबशी माझ्या हातात दिली अन् भिंतीला धरून उठली. म्हणाली, "चाल वो वलगाववाली, भोंगा झाला."