शेवटच्या पानापासून

विमा दलालाच्या त्या ऑफिसात दोन टेबलं महत्त्वाची. एक काचेच्या दाराजवळचं, पुढचं. तिथे माणूस विमा घ्यायला येतो, खुर्ची ओढून ऐसपैस बसतो, चहा पितो, विनोद करतो. दुसरं मागचं, कपाटांच्या आड. तिथे तो नुकसान झाल्यावर येतो, आणि त्याच्यापुढे ठेवलेला चहा तसाच गार होतो. आपल्या बाई बावीस वर्षं या मागच्या टेबलावर बसल्या. क्लेमचे अर्ज भरायचे, नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या मागे लागायचं, कंपनीला पत्रावर पत्र धाडायचं. या कामात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

ऑफिसातली मंडळी त्यांना माघारी ‘शेवटचं पान’ म्हणत. माघारी आपलं म्हणायला. बाईंना ते कधीच कळलं होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलीही पॉलिसी हातात आली की बाई ती उलटी करत आणि शेवटचं पान आधी वाचत. कंपनी काय काय देणार, ते पहिल्या पानावर असतं, ठसठशीत अक्षरांत. काय देणार नाही, ते शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

ही खोड त्यांना लागली ती एका लाँड्रीवाल्यामुळे. त्याला आता बारा वर्षं झाली. आई आजारी म्हणून तो दुकानाला कुलूप लावून बहिणीकडे गेला होता. चौतिसाव्या दिवशी भरदुपारी बंद दुकानात वायर जळली. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, लोकांचे कपडे, सगळ्याचा कोळसा. बिचारा पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून घेऊन आला. बाईंनी शेवटचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जागा सलग तीस दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर आधी लेखी कळवावं, नाहीतर भरपाई मिळणार नाही, असं तिथे स्वच्छ छापलं होतं.

बाईंनी कंपनीला अकरा पत्रं लिहिली. अकरा उत्तरं आली, सगळी अतिशय नम्र आणि सगळी सारखीच. शेवटचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा लाँड्रीवाला ओरडला नाही की टेबलावर हात आपटला नाही.

“बाई, एका पत्राचं काम होतं,” तो म्हणाला. “मला आधी कुणी सांगितलं का नाही?”

ज्याने पुढच्या टेबलावरून ती पॉलिसी विकली होती, तो केव्हाच दुसरीकडे नोकरीला लागला होता. लाज वाटली ती बाईंना, ज्यांचा काडीचा दोष नव्हता. आग लागून गेल्यावर शहाणपण सांगून काय उपयोग? सांगायचं तर ते आधी, पुढच्या टेबलावर. बाईंच्या मनाने तेव्हाच घेतलं की आपल्याला तिथे बसायचंय.

पण तिथे असं उठून बसता येत नाही. ग्राहकाला सल्ला द्यायचा तर शंभर तासांचं प्रशिक्षण लागतं, वर परीक्षा, लेखी आणि तोंडी. मुलांची शिक्षणं आणि सासूबाईंचं अंथरूण यांतून बाई मोकळ्या झाल्या तेव्हा त्यांना एक्कावन्नावं लागलं होतं. त्या तडक साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब डोकं खाजवत म्हणाले, “बसा की परीक्षेला. फी ऑफिस भरेल. पण तीनदाच हं बाई. तीनदात जमलं नाही तर पुढच्या टेबलावर मी बाहेरून माणूस आणणार. मग रुसायचं नाही.”

वर्गात सगळी पंचविशीच्या आतली पोरं. शिकवणारी जेमतेम तिशीची. पहिल्या दिवशी पोरांनी बाईंनाच शिक्षिका समजून उठून नमस्कार केला, आणि बाईंनीही तो ऐटीत घेतला. आठवड्याभरात तीच पोरं डबा खाताना त्यांच्याभोवती कोंडाळं करून क्लेमचे किस्से ऐकू लागली.

आणि परीक्षेत ती पोरं पास झाली. बाई नापास.

बाईंचा नवरा कंपनीच्या कामगारांची बस चालवतो. त्याला गप्प बसवेना. “बावीस वर्षं गाडी हाकलीस आणि लायसनच्या परीक्षेत आपटलीस होय!” बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन भाजी चिरायला घेतली, विळीशेजारी पुस्तक उघडं ठेवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. कलमं वाचताना तो अडखळायचा, पण नेटाने वाचायचा. दुसऱ्या खेपेला बाई तीन गुणांनी गेल्या.

शिकवणाऱ्या मुलीने त्यांना थांबवून घेतलं आणि पेपर समोर ठेवला. ग्राहकाने नुकसानीची खबर मुदतीनंतर दिली, तर परिणाम काय, असा प्रश्न होता. पुस्तकातलं उत्तर दोन ओळींचं: अट मोडली, कंपनी क्लेम नाकारू शकते. बाईंनी दीड पान लिहिलं होतं. उशिराचं कारण कसं मांडायचं, डॉक्टरचा दाखला कुठे जोडायचा, कुठल्या अधिकाऱ्याला आधी फोन करायचा. त्या दीड पानाने क्लेम नक्की मिळाला असता. गुण मात्र शून्य.

“काकू, तुम्ही पेपरातसुद्धा माणसाला वाचवायला धावता,” ती म्हणाली. “आधी नियम लिहा. दोनच ओळी. मग खाली तुमची बावीस वर्षं लिहा. ती खोडायला मी कुणाला देणार नाही.”

स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरीकडून शिकायला बाईंना मुळीच कमीपणा वाटला नाही. मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते इथे. अनुभवी माणसाला नवं शिकवणं सोपं नसतं. त्याला सगळं आधीच येत असतं. बाईंनी नियम पहिलीतल्या मुलासारखे घोकले.

तिसऱ्या खेपेला लेखी पेपर निघाला. उरली तोंडी.

समोर तिघे परीक्षक. मधला जाड भिंगांचा, कपाळाला आठी. तो म्हणाला, “समजा, मी बेकरीवाला. आगीचा विमा घ्यायचाय. विका मला.” आणि नमुना पॉलिसी पुढे सरकवली.

बाईंनी ती उलटी केली. सवयच ती, हात ऐकेना. “आधी तुम्हाला काय मिळणार नाही ते सांगते.”

“अहो, थांबा!” परीक्षक म्हणाला. “अशाने गिऱ्हाईक पळून जाईल.”

आता संपलं, असं बाईंना वाटलं. बारा वर्षं, तीन खेपा, नवऱ्याने चिरलेल्या भाज्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मऊ बोलून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

“जाऊ दे साहेब,” त्या म्हणाल्या. “ग्राहकाला महत्त्वाच्या अटी आधी समजावून सांगणं हे दलालाचं कर्तव्य आहे. हा झाला नियम. आता माझं सांगते. आग लागल्यावर माझ्यासमोर बसून ‘आधी का नाही सांगितलं’ म्हणण्यापेक्षा, आज उठून गेलेला माणूस मला परवडला.”

 जाड भिंगांच्या परीक्षकाने खुर्ची पुढे ओढली. “बरं. वाचा. काय काय मिळणार नाही मला?”

बाई पास झाल्या. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवलं. काहींना जाता-येता दोनदा. साहेबांनी बाईंच्या पाठीची उशी स्वतः उचलून पुढच्या टेबलाच्या खुर्चीवर ठेवली. बाईंची छाती अभिमानाने भरून आली आणि त्यांनी ते लपवलंही नाही. प्रमाणपत्र त्यांनी अशा भिंतीवर लावलं, जिथून आत येणाऱ्याला ते टाळताच येऊ नये.

मग त्यांनी लाँड्रीवाल्याला फोन केला. त्याने पलीकडच्या गल्लीत एका मशिनावर पुन्हा दुकान थाटलं होतं, आणि विम्याच्या नावाने कानाला खडा लावला होता. “तुम्ही बोलावलंत म्हणून येतो,” एवढंच म्हणाला. आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. बाईंनी शेवटचं पान अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. तीस दिवसांची ओळ त्यांनी दोनदा वाचली. चहा गार झाला, पण सही झाली.

आठ महिन्यांनी तो न बोलावता आला. हातात तीच प्लास्टिकची पिशवी.

“लेकीचं बाळंतपण आहे. दुकान दीड महिना बंद ठेवतोय,” तो म्हणाला आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “पत्र आणलंय.”

अक्षर वाकडंतिकडं होतं, पण तारखा चोख होत्या. बाईंनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना त्यांना नीट दिसेना. मग त्यांनी त्यावर पत्र मिळाल्याचा शिक्का मारला, खाली आपली सही केली, एक प्रत कंपनीला धाडायला ठेवली आणि एक त्याच्या हातात दिली.