छापून झालेली अनुक्रमणिका

तांब्याची तार आणायला मी नागपूरला जाते. त्या दिवशी तार तोलून होईपर्यंत दुकानदाराच्या काउंटरवर पडलेलं एक पुस्तक उचललं आणि तिथल्याच स्टुलावर बसले. मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळलेली मोटर नव्या तारेने भरायचं पुस्तक होतं, मराठीत, रंगीत आकृत्यांसह. दोन वर्षांपासून मी लिहीत होते तेच.

भराभर चाळलं. स्लॉट, कॉइलची पिच, तारेचा गेज, वार्निश, बेअरिंग, सगळं होतं. माझ्या आकृत्या पट्टी-पेन्सिलीच्या. इथे कॉइलच्या प्रत्येक गटाला वेगळा रंग.

"घेऊन जा ताई, लय चालून राहिलं ते," दुकानदार म्हणाला.

घेतलं. परतीच्या बसमध्ये ठरवलं, आपलं बंद करायचं. चांगलं पुस्तक बाजारात असताना दुसरं साधं पुस्तक कशाला? माझं सौंसरला मोटर भरायचं दुकान आहे, जळलेल्या मोटरी रांगेत असतात. हिशेब सरळ होता. पण घरात पाऊल टाकलं आणि दिवाण दिसला.

दिवाणावर माझं पुस्तक होतं. म्हणजे अर्धंअधिक.

पांढुर्ण्याचा प्रेसवाला मुख्यतः लग्नपत्रिका छापतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, मशीन रिकामं असतं. त्यानेच सुचवलं होतं, "वहिनी, लिहून होईन तसं देत जा. सोळा-सोळा पानाचे फर्मे छापून ठेवतो. तुळशीच्या लग्नाच्या आधी सगळं शिवून देतो. मंग मात्र मशीन पत्रिकांचं." मला ते पटलं. आमच्या कामात एक कॉइल झाली की बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची. पुस्तकाचंही तसंच असेल असं मी धरलं. त्याच्या प्रेसचं छत गळतं, म्हणून छापलेले गठ्ठे मी बसवर टाकून घरी आणत गेले.

पहिल्याच फर्म्यात अनुक्रमणिका होती. प्रकरणं बारा, लिहून झालेली नऊ. उरलेल्या तीन प्रकरणांची नावं मी आधीच ठरवून दिली होती आणि प्रेसवाल्याने अंदाजाने पानांचे आकडेही टाकले होते. शेवटचं प्रकरण होतं: दोन फेजवर चालवलेली मोटर.

गठ्ठ्यांमुळे नवरा खाली सतरंजीवर झोपत होता. मी नवं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. त्याने दोन्हीकडे पाहिलं.

"रद्दीवाल्याले बोलावू का?"

"बोलाव."

"तो तरी वाचन." मग म्हणाला, "पर दहावं-अकरावं-बारावं कुठी आहे म्हणून तोही विचारन."

रद्दीवाल्याला कोणीच बोलावलं नाही. चांगला कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. काम पुढे न्यावं तर पुस्तक फालतू ठरणार, मागे फिरावं तर घरात जन्मभराचा गठ्ठा. मी रोज त्याच्या कडेने वळून स्वयंपाकघरात जात होते.

दहावं आणि अकरावं प्रकरण लिहिलं ते निव्वळ पानं भरायला. नव्या पुस्तकात तेच माझ्याहून नीट लिहिलेलं होतं, आणि ते माहीत असताना तेच वाक्य पुन्हा लिहिण्याइतकं कंटाळवाणं काम मी दुसरं केलेलं नाही. बाराव्याचं मात्र एक अक्षरही नव्या पुस्तकात नव्हतं. मी दोनदा शोधलं.

ते का नसावं, हे कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडे शेताच्या लाइनवर तिन्ही फेज ठरलेल्या वेळीच येतात. बाकीच्या वेळी दोनच असतात. संत्र्याला पाणी तर पाहिजे. मग तिसऱ्या फेजच्या जागी कपॅसिटरचा डब्बा लावून तीन फेजची मोटर चालवतात. नियमात बसत नाही, मोटर तापते, जळते आणि माझ्याकडे येते. आणणारा एकच वाक्य बोलतो. रामाकोना गावचे एक संत्रेवाले भाऊ तर दर हंगामात तेच बोलत.

"तिन्ही फेज होते ताई. व्होल्टेजनं मारली."

मी मोटर उघडायची. फेज तिन्ही असतील आणि भार जास्त झाला असेल तर सगळी वाइंडिंग सारखी काळी पडते. दोनवर चालवलेलीत काही कॉइली कोळसा आणि शेजारच्या कोऱ्या. उघडताच दिसतं. गिऱ्हाईक खोटं बोलतं, मी मोटर भरते, चहा होतो. हे प्रकरण लिहिलं की तालुक्यातल्या प्रत्येक मिस्त्रीला ते खोटं वाचता येणार होतं, आणि ज्यांचं खोटं ती सगळी माझी गिऱ्हाइकं. आणि नाही लिहिलं, तर दिवाणावर दुसऱ्याच्या पुस्तकाची फिकी नक्कल. प्रकरणाचं नाव अनुक्रमणिकेत छापून झालेलं होतं, त्यामुळे तिसरी वाट नव्हती.

प्रेसवाल्याचा फोन आला. "वहिनी, पत्रिकावाले येऊन राहिले. देता का नाही?"

दिलं. बाराव्यात डब्बा कसा लावायचा ते लिहिलं नाही. मोटरीत काय होतं, उघडल्यावर काय दिसतं, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, एवढंच. रामाकोन्याच्या भाऊंना फोटोसाठी विचारलं.

"माह्या मोटरीचा? पुस्तकात? टाका नं! नावही टाका."

"आधी प्रकरण वाचा."

"ते मंग वाचू."

नाव टाकलं नाही. अंदाजाचे आकडे चुकले. पुस्तक अनुक्रमणिकेपेक्षा चार पानं लांब झालं. ते तसंच आहे.

नवऱ्याला दिवाण परत मिळाला. कॉइलची जोडणी अडली की मी अजूनही ते रंगीत पुस्तकच उघडते. काही गिऱ्हाइकं त्या हंगामात आलीच नाहीत. भाऊ आले, उशिरा, मोटर फटफटीवर बांधून.

"दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो होतो," ते बाकावर बसत म्हणाले. "त्याच्या टेबलावर तुमचंच पुस्तक. त्यानं फोटो दाखवला आणि मलेच विचारते, हे कोण्या बुद्धूनं जाळली? आता मी काय सांगू जी त्याले?"

मी पाना घेतला आणि मोटरीचे बोल्ट काढायला लागले.

"फेज किती होते भाऊ?"

झाकण निघायच्या आत ते म्हणाले, "दोन."