पिंपळापाशी सरकलेला रस्ता

जालन्याहून बदनापूरच्या बाजूला निघालं की शेवटच्या कॉलन्यांमधून एक रस्ता जातो. प्लॉट विकणाऱ्यांनी त्याचं नाव ‘गार्डन रोड’ ठेवलं तेव्हा तिथे गार्डन नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रोडही नव्हता. बैलगाड्यांची वाट होती आणि दोन्ही बाजूंनी कडुनिंब. पुढे मुरूम पडला, मग डांबर, मग सकाळी फिरायला येणारे लोक. जुन्या जालन्यातले दुकानदार इथे हात हलवत चालतात आणि धान्याचे भाव बोलतात. निंबांच्या सावलीचं कौतुक सगळ्यांनी केलं. तांब्याभर पाणी कुणी घातलं नाही.

वडील गेले तेव्हा इथे मोजकीच घरं होती. आम्ही बौद्ध. आपली राख नदीत सोडू नका, झाडाच्या मुळाशी घाला, असं ते सांगून गेले होते. आईने ती राख खाली घालून पिंपळ लावला. आवारात लावला तर तो भिंती फोडतो, म्हणून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. उन्हाळ्यात नळ आला की पहिली कळशी पिंपळाला, नंतर आमचा माठ. मला शाळेत शिकवायला बदनापूर गाठायचं असायचं. “आई, आधी चहाचं बघ,” म्हणून मी ओरडायची. तिच्या कानावर ते जातच नसे.

झाड मोठं झालं आणि समोरच्या काकूंच्या नजरेत भरलं. काकू टेंभुर्णीकडच्या, घरची शेती, मुलांसाठी शहरात आलेल्या. आधी त्यांचा शनिवारचा दिवा आला, मग एक दिवस शेंदूर लावलेला दगड. आईचा पारा चढला. दगडाला हात जोडायचे नाहीत, ही आमच्या घरची शिकवण. आणि इथे तर खाली वडील. “माझ्या माणसाच्या डोक्यावर दगड ठेवून राह्यल्या त्या,” ती म्हणाली. कॉलनीच्या बैठकीत तिने असा आवाज चढवला, की महिन्याभरात तो दगड वाजतगाजत कोपऱ्यावरच्या नव्या मंदिरात गेला. काकूंनी आईशी बोलणं टाकलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण काकूंचं लोणचं यायचं बंद झालं.

काही वर्षं अशीच गेली आणि मग रस्त्याचं सुशोभीकरण आलं. दुपदरी रस्ता, मधे दुभाजक, त्यात शोभेचे पाम. या पामचा मला मनापासून राग आहे. त्याच्या सावलीत मांजरसुद्धा बसत नाही. कडेच्या निंबांवर तोडायच्या खुणेचे पांढरे पट्टे ओढले गेले. पिंपळावरही एक आला. मी शाळेतून रजा घेऊन अर्ज दिला, दोन कार्यालयं फिरले. सगळे अदबीने बोलले. काम कुणाच्याच हातात नव्हतं.

निंब पडायला लागले तसे आम्ही मुकादमाला गाठलं. माणूस वाईट नव्हता. कोपऱ्याकडे हात करून म्हणाला, “तिथं बघा, मंदिरापाशी लाइन सरकवली आम्ही. देवाचं झाड असलं की आमची माणसं हात लावत न्हाईत. तुमच्या झाडापाशी काहीच न्हाई ना. उद्या निघंल ते.”

आई घरी आली. जेवली नाही. मलाही तिच्याकडे बघवेना. जो दगड तिने भांडून हलवला, तो असता तर झाड राहिलं असतं. हे तिला कळलं होतं आणि मी ते बोलून दाखवण्याची गरज नव्हती.

सकाळी ती रस्ता ओलांडून काकूंच्या दारात उभी राहिली. मी मागे.

“बाई, तुमचा देव परत आणता का?”

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “देव मंदिरात बसला आता. असा उचलता येत न्हाई.”

आई वळली.

“थांबा की. बिलकुल दम न्हाई तुम्हाला.” काकू उठल्या, आतून तेलाची आणि शेंदराची वाटी घेऊन आल्या. तशाच रस्त्यावर गेल्या, ठेकेदाराच्या ढिगातला एक बरासा गोटा निवडला, पदराने पुसला आणि पिंपळाच्या बुंध्याशी ठेवला. शेंदूर लावताना त्यांचे ओठ हलत होते; त्या काही नाटक करत नव्हत्या. आई मात्र झाडाकडे पाठ करून आमच्या फाटकाकडे बघत उभी राहिली.

माणसं आली. मुकादमाने दगड पाहिला, आम्हा तिघींकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असणार, कारण शेंदूर अजून ओला होता. त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि रस्त्याच्या आखणीची दोरी झाडाच्या हातभर अलीकडे धरायला सांगितली. मला रडू आलं.

आता रस्ता पूर्ण झाला आहे. पिंपळापाशी तो थोडा आत सरकतो आणि गाडीवाले तिथे चिडून हॉर्न वाजवतात. काकूंचा दिवा शनिवारी असतो. त्या वेळी आई घरातच बसते.

गोटा ठेवला त्या दिवशी संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, “आई, चाललं तुला हे?”

“न्हाई चाललं,” ती म्हणाली. “पण एकदा जाळलं मी त्यांना. आता तोडताना कशी बघू?”