सिस्टरांची अडलेली गोष्ट

लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि समोरच्याला विचारायचं, "खोटं वाटते, नाई?" आपण "छान आहे हो" म्हणेपर्यंत त्यांनी ते खोडलेलंही असायचं.

आमच्या पिपरी मेघे गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणत. दवाखान्यातली नोकरी संपली आणि त्या कथा लिहू लागल्या. आमच्या छोट्या दिवाळी अंकाचं काम मी बघतो, तिथला आमचा परिचय. लिहिणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांना स्वतःचं लिहिणं फार आवडतं. सिस्टरांना त्याचा संशय यायचा.

एका वर्षी त्यांची कथा अडली. अंक दुसऱ्या दिवशी छापायला जायचा, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. कथा दोन बहिणींची होती. थोरली शाळा सोडून कापूस वेचायला जाते, तिच्या मजुरीवर धाकटी नर्स होते. आई वारते तेव्हा धाकटी ड्यूटी सोडून वेळेवर पोचत नाही. थोरली बोलणं टाकते. शेवटी धाकटी तिच्या दारात जाऊन उभी राहते.

"ती दार उघडते," सिस्टर म्हणाल्या. "पन मंग काय म्हन्ते, तेच सुचून नाई राह्यलं."

"गळ्यात पडू द्या की."

"ती नाई पडत कोनाच्या गळ्यात."

गोष्ट कोणाची, ते मला तेव्हा कळलं. मी चाचरत म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत थांबतो. नाहीतर त्या पानांवर जाहिरात लावावी लागेल."

"जाहिरात नको लावू. पानं ठेवजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्वीहून त्यांचा फोन आला. सकाळच्या एसटीने त्या बहिणीकडे गेल्या होत्या.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "तिनं दार उघडलं. वरपासून खालपावतर पाह्यलं. मंग म्हने, चपला बाहेर काढ, आताच पोछा मारला."

मी फोन खांद्याने कानाशी दाबून टाइप करायला बसलो.

मग कथा सरसर येऊ लागली. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होतो, आणि फोनमध्ये त्यांच्या मागून दुसरा आवाज आला, "म्या असं नाई म्हटलं!"

"म्हटलं तू."

"मंग चहा मांडलता, ते बी लिही!"

अंक वेळेवर गेला. अडलेले लेखक मी पुष्कळ पाहिले. कोणी विषय बदलतो, कोणी जुनी कथा झटकून देतो. एका वाक्यासाठी ज्या दाराची भीती वाटते तेच दार वाजवणाऱ्या मात्र याच. पुढे कोणी शेवटाचं कौतुक केलं की त्या सांगायच्या, "तो शेवट माहा नाई, तिचा हाय."

मागच्या उन्हाळ्यात सिस्टर वारल्या. दिवाळीच्या तोंडावर थोरल्या बहिणीचा फोन आला.

"यंदा तिची गोष्ट नाई राह्यनार, मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पन अंक पाठवजो."