फळ्यावरचे पाच दिवस

चौधरी सर वैरी घराण्यांतल्या दोन प्रेमिकांची ती जुनी इंग्रजी शोकांतिका शिकवायला घेत, तेव्हा पुस्तक उघडायच्या आधी फळ्यावर पाच रकाने आखत. पहिल्या भेटीपासून मरणापर्यंत एकेका दिवसाचा एकेक रकाना. मग खडू झटकून म्हणत, "आपल्याकडे केळीचा घड उतरवायलासुद्धा वर्षभर थांबतात. आणि या दोघांनी पाच दिवसांत सगळं आटपलं! पटतं का?"

पोरं खूश. मागून हमखास कोणीतरी ओरडे, "इतनी घाई कोण करते सर!"

बऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजात सर इंग्रजी शिकवत, मी इतिहास. "थांबा" हा त्यांचा आवडता शब्द. बस चुकली, निकाल रखडला, बायको रुसली, तरी उपाय एकच. मी त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो. पण त्यांच्या या श्रद्धेला कारण होतं. त्यांचा प्रेमविवाह. सासऱ्यांच्या होकारासाठी ते सात वर्षं थांबले आणि अखेर तो मिळाला. दोघं एकाच जातीतले होते, ही गोष्ट मात्र त्यांनी कधी हिशेबातच धरली नाही. मीही कधी बोललो नाही.

ज्योती निंबोल्याहून बसने यायची. घरची केळीची बाग, पोरगी हुशार, वर्गात पहिल्या बाकावर. एका सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली. आम्ही दोघं चहा घेत होतो.

"सर, एक मुलगा आहे. आमच्या जातीचा नाही. पळून जायचं म्हणते तो. काय करू?"

सरांचा चेहरा उजळला. "नाटकातल्या खुळ्यांसारखं लपूनछपून काही करू नकोस. आजच घरी सांग. आरडाओरडा होईल, मग निवळेल. आईबाप आहेत ते, थांबलं की ऐकतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्कीट बुडवत म्हणालो, "सरांचं ऐक, बाई."

तिने त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. मंगळवारी तिचा मोबाइल काढून घेतला गेला आणि पाहुणे येऊन मुलगी पसंत करून गेले. सर बुधवारी निंबोल्याला गेले. वडिलांनी त्यांच्या पाया पडून चहा दिला आणि म्हणाले, "सर, तुम्ही बोलता ते बरोबर. पण आम्हाला समाजात राहायचं हाय ना. रविवारी हळद लावतो." ज्योती दारात उभी होती. सर तिला एवढंच म्हणाले, "थांब, मी पुन्हा येतो."

ती म्हणाली, "थांबायला टाइम कोण देते सर?"

गुरुवारी दुपारी नदीवरच्या राजघाटावर ज्योतीच्या आणि त्या मुलाच्या चपला सापडल्या. दोघं संध्याकाळी.

पुढच्या वर्षी सरांनी फळ्यावर रकाने आखले आणि चौथ्यापाशी थांबले. "सर, पाच ना?" एका मुलीने विचारलं. मागून ठरलेली आरोळी आली, "इतनी घाई कोण करते सर!" सरांनी फळा पुसला आणि तास अर्धवट सोडून स्टाफरूममध्ये आले. हाताचा खडू न झटकताच खुर्चीत बसले. त्यांच्याकडे पाहणं मला जड जात होतं.

"त्या नाटकातल्यांना पाच दिवस तरी मिळाले," ते म्हणाले. "आपण तिला चारच दिले."

सर गेल्या हिवाळ्यात गेले. 'आपण' म्हणाले होते ते. आता त्यातला मी एकटा उरलो आहे.